रेस्टॉरंट वीकला मित्रांसोबत जेवायला जायचंय? टेबल धरण्यापासून बिल वाटण्यापर्यंत

रेस्टॉरंट वीक म्हणजे शहरातली बरीच हॉटेलं ज्या दिवसांत ठरीव किमतीत दोन-तीन कोर्सचं जेवण (स्टार्टर, मेन कोर्स, डेझर्ट) देतात तो काळ. त्याची जाहिरात आली की ग्रुपवर कुणीतरी ती टाकतं, खाली धडाधड अंगठे पडतात, "चला चला" होतं आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. शेवटचे दोन दिवस उरले की जाग येते. तोवर चांगल्या ठिकाणची टेबलं गेलेली असतात, आणि कुठेतरी, कसंतरी, रात्री पावणेअकराला जेवण होतं. हा लेख त्या एका माणसासाठी आहे ज्याच्या गळ्यात दरवेळी हे काम पडतं. आमच्या ग्रुपमध्ये ते माझ्या गळ्यात आहे, आणि आता मी तक्रार करणंही सोडून दिलंय.

पहिल्यांदाच जाणार असाल तर एक गोष्ट धरून चाला. रेस्टॉरंट वीक हा दानधर्म नाही, हॉटेलवाल्याचं त्यात स्वतःचं गणित असतं. ते कळलं की कुठे जावं, काय मागवावं आणि कुठे सरळ "नको" म्हणावं हे आपोआप सुचत जातं. म्हणून आधी थोडं त्याबद्दल.

हे गणित काय असतं

ही कल्पना न्यूयॉर्कची. १९९२ च्या उन्हाळ्यात तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन भरणार होतं, बाहेरगावचे पाहुणे येणार होते. रेस्टॉरंटांची गाइडबुकं काढणारे टिम झॅगट आणि रेस्टॉरंट व्यवसायातले जुनेजाणते जो बॉम यांनी शहरातल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटांना एका ठरीव किमतीत दुपारचं जेवण द्यायला राजी केलं. किंमत सालावरूनच ठेवली, १९.९२ डॉलर. एकदाच करायचा म्हणून केलेला हा उद्योग लोकांना इतका आवडला की तो टिकला. आता तिथे तो हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात असा वर्षातून दोनदा होतो, आणि नाव 'वीक' असलं तरी काही आठवडे चालतो. पुढे हीच चाल इतर शहरांनी उचलली. व्हँकूव्हरमध्ये तो साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतो, मायामीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. ह्यूस्टनमध्ये १ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत चालतो आणि तिथे जेवणामागे ठरावीक रक्कम फूड बँकेला जाते.

आता हे महिने बघा. एक तर सुट्ट्यांचा खर्च उरकून लोकांनी हात आखडता घेतलेला असतो, नाहीतर उन्हाच्या काहिलीने कुणी घराबाहेर पडत नसतं. म्हणजे धंद्याचे मंदीचे दिवस. भाडं, पगार, वीज चालूच असते. रिकाम्या खुर्चीपेक्षा कमी नफ्याचं गिऱ्हाईक केव्हाही परवडतं. शिवाय मेन्यू तीन-चार पदार्थांपुरता असला की माल घाऊक घेता येतो, निम्मं काम आदल्या दिवशी उरकतं आणि वाया काही जात नाही. आणखी एक. या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की पदार्थाच्या किमतीतला साधारण एक तृतीयांश भाग कच्च्या मालावर जातो. पेयांवर मात्र सुटणारा नफा त्याहून बराच जास्त. त्यामुळे स्वस्त मेन्यू तुम्हाला दारातून आत आणतो आणि तूट भरून काढतात ती ड्रिंक्स, बाटलीबंद पाणी आणि "सर, सोबत हे घेणार का?" सावध नसाल तर चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

यात फसवाफसवी काही नाही. तुम्हाला एरवी न परवडणाऱ्या ठिकाणी बसायला मिळतं, त्यांची टेबलं भरतात. दोघांचंही भलं होतं, फक्त तुम्ही तुमच्या बाजूचं गणित करायला हवं.

१. आधी माणसं पक्की करा

हॉटेल नंतर. आधी डोकी मोजा.

माझं मत विचाराल तर चार जण उत्तम, सहा म्हणजे कमाल. चार जणांचं टेबल सहज मिळतं, एकमेकांचं ऐकू येतं आणि ताटातलं एकमेकांना चाखायला देता येतं. सहाच्या पुढे गेलात की तीन अडचणी एकदम येतात. टेबलं जोडावी लागतात म्हणून गैरसोयीची वेळ मिळते, बरीच ठिकाणं मोठ्या ग्रुपला बिलातच सेवा आकार लावतात, आणि काही ठिकाणी ही सवलत मोठ्या ग्रुपला लागूच नसते. दहा जण असतील तर सरळ दोन टेबलं, दोन बुकिंग, दोन बिलं करा. लांब बसावं लागलं तर जेवणानंतर बाहेर गप्पा मारा.

"बघतो", "जमलं तर येतो", "मला ऐनवेळी सांगा" म्हणणाऱ्यांना 'नाही'त मोजायचं. निर्दयपणा वाटेल, पण बुकिंगला बऱ्याच ठिकाणी माणशी पैसे अडकतात, आणि टांग देणाऱ्याच्या वाटणीचे पैसे भरताना मैत्री पुरत नाही. एक तारीख द्या: "अमुक दिवशी रात्री नऊपर्यंत नाव द्या, त्यानंतर टेबल फुल." नाव दिलं की माणशी थोडी कॉन्ट्री आगाऊ घ्या. पैसे गेले की माणूस येतो, हे मी वारंवार पाहिलंय.

२. बजेट उघड बोला

मराठी माणसाला पैशाचं बोलायला अवघड जातं, मित्रांमध्ये तर फारच. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ग्रुपवर मेन्यूची किंमत टाकू नका, सगळं धरून माणशी किती पडेल तो आकडा टाका. माझा अंदाज असा: नुसता ठरीव मेन्यू आणि साधं पाणी घेणार असाल तर जाहिरातीतल्या किमतीच्या सव्वापट, एखादं ड्रिंक घेणार असाल तर दीडपट-पावणेदोनपट.

कुणाला ते जड जात असेल तर तो ग्रुपवर बोलणार नाही. म्हणून तुम्हीच दुपारच्या जेवणाचा पर्याय पुढे करा. बहुतेक ठिकाणी दुपारचा मेन्यू रात्रीपेक्षा स्वस्त असतो, स्वयंपाकघर तेच, हात तेच. तीनऐवजी दोन कोर्स मिळतील, एवढाच काय तो फरक. दुपारी ड्रिंक्सही कमी होतात, हा वेगळा फायदा.

३. मेन्यू बघून हॉटेल निवडा, सवलत बघून नाही

या सगळ्यात वेळ घालवायचा तर इथे घालवा. बाकी पायऱ्या चुकल्या तरी निभावतं, ही चुकली की सगळं फसतं.

यादीत शेकडो नावं असतात. त्यातून पाच-सहा निवडा आणि प्रत्येकाचे दोन मेन्यू समोरासमोर ठेवा: एक रेस्टॉरंट वीकचा, दुसरा नेहमीचा. रेस्टॉरंट वीकचा मेन्यूच टाकलेला नसेल, नुसतं "आकर्षक थ्री-कोर्स मेन्यू" एवढंच लिहिलं असेल, तर ते ठिकाण बाद. सांगण्यासारखं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

आता बघायचं हे की ते हॉटेल ज्यासाठी ओळखलं जातं तो पदार्थ या मेन्यूत आहे का. सीफूडसाठी नाव असलेल्या ठिकाणी रेस्टॉरंट वीकला एकही मासा नाही आणि मेन कोर्सला चिकन, पास्ता आणि भाज्यांचा काहीतरी प्रकार, असं दिसलं की समजा, हा मेन्यू गिऱ्हाईक ओढण्यासाठी केलाय, स्वतःची कला दाखवण्यासाठी नव्हे. उलट नेहमीच्या मेन्यूतले दोन तरी पदार्थ जसेच्या तसे घेतलेले असतील तर तिथे जा. स्वयंपाकघराचा हात त्या पदार्थांवर बसलेला असतो. शाकाहारी मित्रांसाठी किती पर्याय आहेत तेही बघा. मेन कोर्सला एकच शाकाहारी पदार्थ आणि तोही न आवडणारा, म्हणजे त्या मित्राने पूर्ण पैसे भरून सूप प्यायचं. हा पंक्तीप्रपंच नको.

मग बेरीज करा. उदाहरण देतो, आकडे समजण्यापुरते आहेत, चलन तुमचं तुम्ही धरा. ठरीव मेन्यू १२०० चा. त्यातलेच पदार्थ नेहमीच्या मेन्यूवरून सुटे घेतले तर स्टार्टर ३५०, मेन कोर्स ७००, डेझर्ट ३००, एकूण १३५०. म्हणजे १५० वाचले. पण तुम्ही गोड खात नसाल तर? सुटं १०५० मध्ये झालं असतं, मेन्यू घेऊन १५० जास्तच गेले.

चौघांचं गणित आणखी मजेचं आहे. मित्र मित्र जेवताना कुणी प्रत्येकी तीन कोर्स मागवत नाही. तीन स्टार्टर मध्ये ठेवतात, चार मेन कोर्स, दोन डेझर्ट चार चमच्यांत. ते होतं १०५० अधिक २८०० अधिक ६००, म्हणजे ४४५०. ठरीव मेन्यू चौघांचा ४८००. सवलतीच्या आठवड्यात सवलत न घेतलेली बरी, असं हे उदाहरण. प्रत्येक ठिकाणी असं होत नाही, पण पाच मिनिटांची बेरीज टाळू नका. जिथे सुट्या पदार्थांची बेरीज ठरीव किमतीच्या दीडपटीच्या आसपास जाते तिथे डोळे झाकून मेन्यू घ्या.

शेवटी मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मोबाइलवर मोठं करून वाचा. बहुतेक सगळी गोम तिथे असते:

- पदार्थापुढे तारा किंवा "+२००". हा पदार्थ घेतला तर वरचे पैसे वेगळे. कधी कधी मेन्यूतला सगळ्यात चांगला पदार्थ नेमका हाच असतो.
- "संपूर्ण टेबलाने घेणे आवश्यक." म्हणजे एकाने मेन्यू घेतला तर सगळ्यांनी घ्यायचा. वरची चौघांची युक्ती इथे चालत नाही.
- "किमान दोन व्यक्तींसाठी." एकट्याला तो पदार्थ मिळणार नाही.
- "उपलब्धतेनुसार." संपला तर बदली काय देतील याची हमी नाही.
- "कर व सेवा आकार वेगळे."
- "इतर सवलतींसोबत लागू नाही." कार्डाची सूट, कूपन, वाढदिवसाचं डिस्काउंट विसरा.

मेन्यूचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मेन्यू मध्येच बदलतात, आणि स्क्रीनशॉट असला की बोलणं सोपं जातं.

४. दिवस आणि वेळ

शनिवार रात्र सोडा. न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंट वीकमध्ये तर शनिवार मुळातच धरलेला नसतो, कारण त्या दिवशी टेबलं तशीही भरतात. जिथे धरलेला असतो तिथे गर्दीत तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

मंगळवार ते गुरुवार चांगले. पहिल्याच दिवशी जाऊ नका, स्वयंपाकघर नव्या मेन्यूत अजून रुळलेलं नसतं. अगदी शेवटीही नको, तोवर आचाऱ्यांपासून वेटरपर्यंत सगळे थकलेले असतात. वेळ एक तर अगदी पहिली घ्या नाहीतर शेवटून दुसरी. पहिल्या वेळेला स्वयंपाकघर ताजं असतं, शेवटून दुसऱ्या वेळेला उठवायची घाई कमी. अगदी शेवटची घेतलीत तर "हे संपलं, ते संपलं" ऐकायची तयारी ठेवा.

५. बुकिंग करा आणि एक फोनही करा

बुकिंग सुरू होतं त्याच दिवशी करा, नंतर म्हणजे वरातीमागून घोडं. हवी ती वेळ गेली असेल तर बुकिंगच्या ॲपवर सूचना लावून ठेवा. ओपनटेबल आणि रेझी या दोन्हींवर टेबल मोकळं झालं की कळवण्याची सोय आहे. लोक एक-दोन दिवस आधी बुकिंग रद्द करतात, तेव्हा टेबलं सुटतात.

आणि हो, तीन ठिकाणी टेबल धरून ठेवून ऐनवेळी दोन सोडून द्यायची सवय असेल तर ती मोडा. ज्या छोट्या हॉटेलात मोजकी टेबलं आहेत, त्याची रात्र त्यात जाते.

ॲपवर बुकिंग झालं तरी फोन करा. दुपारी तीन ते पाचच्या मधे करा, तेव्हा त्यांना बोलायला वेळ असतो. विचारायचं ते असं:

"आमचं अमुक दिवशी सहा जणांचं बुकिंग आहे, रेस्टॉरंट वीकचा मेन्यू सगळ्यांना मिळेल ना?" काही ठिकाणी बुकिंग करतानाच 'रेस्टॉरंट वीक' हा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर टेबल मिळतं पण मेन्यू नाही.

"टेबल किती वेळ आमचं?" बऱ्याच ठिकाणी दीड ते दोन तासांची मर्यादा असते. ती कळली की गप्पांचं नियोजन करता येतं.

"उशीर झाला तर किती वेळ थांबता?" आणि "सगळे आल्याशिवाय बसवता का?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा. काही ठिकाणी पूर्ण ग्रुप आल्याशिवाय बसू देत नाहीत, आणि तुमचा तो कायम "पाच मिनिटांत पोचतो" म्हणणारा मित्र अजून घरीच असतो. त्याला अर्धा तास आधीची वेळ सांगा. त्याला हे माहीत असलं तरी सांगा.

"रद्द करायचं किंवा माणसं कमी करायची तर कधीपर्यंत कळवायचं, आणि पैसे कापता का?" कार्डाचा नंबर घेतला असेल तर हे विचारायलाच हवं. न येणाऱ्यामागे माणशी दंड असतो, आणि तो ज्याचं कार्ड त्याच्या खात्यातून जातो. म्हणजे तुमच्या.

ज्याच्याशी बोललात त्याचं नाव लिहून ठेवा.

६. ॲलर्जी आणि पथ्यं आधीच कळवा

टेबलावर बसल्यावर "याला शेंगदाणे चालत नाहीत हं" म्हणणं उशिराचं आहे. या आठवड्यात निम्मे पदार्थ आदल्या दिवशी तयार करून ठेवलेले असतात. एरवी "यात ते घालू नका" म्हटलं की ऐकतात, इथे सॉस कधीच ढवळून झालेला असतो.

म्हणून ग्रुपवर विचारताना नुसतं "कुणाला काही प्रॉब्लेम?" असं विचारू नका, कुणी बोलत नाही. यादी पुढे करा. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून खाद्यपदार्थांतल्या १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं बंधनकारक आहे, रेस्टॉरंटांनाही. तुम्ही कुठेही राहात असलात तरी विचारायला ती यादी कामाची आहे. दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, सोया, गहू आणि इतर ग्लूटेनवाली धान्यं, मासे, कोळंबी-खेकडे, शिंपल्या हे सुचतं. मोहरी, तीळ आणि सेलरी सुचत नाही, आणि ड्रेसिंगमध्ये, सूपच्या स्टॉकमध्ये हेच असतात. वाइनमधले आणि सुक्या फळांतले सल्फाइटही त्या यादीत आहेत. चौदावा घटक ल्युपिन नावाच्या शेंगांचा, काही ब्रेड-पेस्ट्रीत त्याचं पीठ असतं.

आवड-नावड वेगळी आणि ॲलर्जी वेगळी, हे हॉटेलला सांगताना स्पष्ट करा. वांगं आवडत नाही म्हणून "वांग्याची ॲलर्जी आहे" सांगणारे मित्र असतात. त्यांच्यामुळे खरी ॲलर्जी असलेल्याचं कुणी मनावर घेत नाही. शाकाहारींनी स्टॉक कशाचा आहे आणि चीज, जिलेटिन वगैरे घातलंय का याची चौकशी फोनवरच उरकावी. जैन किंवा व्हीगन मित्र असेल तर "करून द्याल का?" एवढं न विचारता "काय देऊ शकाल?" असं विचारा. पहिल्याला "हो हो" एवढंच उत्तर येतं.

७. सोबत काय ठेवायचं

- बुकिंगच्या मेसेजचा आणि मेन्यूचा स्क्रीनशॉट. तळघरातल्या रेस्टॉरंटात नेटवर्क नसतं.
- बुकिंग ज्या कार्डावर केलंय तेच कार्ड.
- ड्रिंक्स घेणार असाल तर प्रत्येकाचं वयाचं ओळखपत्र. तिशीतले आहोत म्हणून कुणी विचारणार नाही असं समजू नका.
- थोडी रोख, टिपसाठी.
- पैसे वाटायचं ॲप किंवा साधा कॅल्क्युलेटर. कागदाचा तुकडाही चालतो.

८. टेबलावर

बसल्या बसल्या वेटरला सांगा, "आम्ही रेस्टॉरंट वीकचा मेन्यू घेणार आहोत." काही ठिकाणी तो मेन्यू मागितल्याशिवाय पुढे येत नाही, नेहमीचंच मेन्यूकार्ड हातात देतात. त्यातून ऑर्डर दिलीत की नेहमीचेच दर लागतात.

लगेच येतं ते "स्टिल की स्पार्कलिंग?" म्हणजे बाटलीचं पाणी बिनगॅसचं की गॅसचं. बाटली नको, साधं पाणी हवं असेल तर साधं म्हणा, त्यात लाजायचं काही नाही. तसंच ब्रेडची टोपली, ऑलिव्ह, छोटे चटपटीत घास न मागता समोर आले तर "हे मेन्यूत धरलंय का?" असं विचारून मगच हात लावा. वेटर जे "आजचं स्पेशल" तोंडी सांगतो, त्याची किंमत तो सांगत नाही. विचारा.

ऑर्डर सगळ्यांनी मिळून एकदम द्या, आणि चौघांनी एकच पदार्थ घेऊ नका. ठरीव मेन्यूत कोर्सला तीन पर्याय असतात. चौघांत ते वाटून घेतले की सगळा मेन्यू चाखून होतो, आणि प्लेटा फिरवायला मित्रांमध्ये कसला संकोच. पदार्थ नेहमीपेक्षा लहान वाटला तर मान्य करा, या आठवड्यात तो लहानच असतो. थंड आला, कच्चा राहिला तर मात्र दोन घासांतच कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, बोलवा. अर्धी प्लेट संपवून केलेली तक्रार कुणी ऐकत नाही. उरलं तर पार्सल मागा. काही ठिकाणी या मेन्यूवर पार्सल देत नाहीत, तेही फोनवरच विचारून ठेवलेलं बरं.

९. बिल

इथेच मैत्रीची परीक्षा होते. पद्धत जेवणाआधी ठरवा: सरसकट समान वाटणी, की टीटीएमएम (तू तुझं, मी माझं). दोन्ही चालतं, पण बिल आल्यावर ठरवायला गेलात की ज्याचं कमी झालंय तो संकोचाने गप्प बसतो आणि ज्याचं जास्त झालंय तो "अरे समानच करू ना" म्हणतो.

पुन्हा आकडे घ्या. सहा जण, मेन्यू १२०० चा, म्हणजे ७२००. दोघांनी +२०० वाला पदार्थ घेतला, ४००. तिघांनी मिळून पाच ड्रिंक्स घेतली, प्रत्येकी ४०० ची, २०००. बाटलीबंद पाणी ४००. झाले १०,०००. कर आणि सेवा आकार मिळून २० टक्के धरले तर बिल १२,०००. समान वाटणीत प्रत्येकी २०००.

आता ज्यांनी नुसता मेन्यू आणि पाणी घेतलं त्या तिघांचा खरा वाटा बघा. १२०० अधिक पाण्याचा सहावा हिस्सा सुमारे ६७, त्यावर २० टक्के: १५२०. म्हणजे त्यांनी माणशी ४८० दुसऱ्याच्या ग्लासात ओतले. ज्याने वरच्या पैशांचा पदार्थ आणि दोन ड्रिंक्स घेतली त्याचा वाटा २७२० होतो, आणि तो २००० देऊन सुटला. एकदा चालून जातं. दरवेळी झालं की न पिणारा हळूहळू "मला जमणार नाही" म्हणायला लागतो, आणि कारण कधीच सांगत नाही.

सोपा तोडगा: ड्रिंक्सचं बिल वेगळं करायला ऑर्डर देतानाच सांगा. जेवण समान, ड्रिंक्स ज्याची त्याने. पै-पैचा हिशेब करत बसावं लागत नाही आणि कुणावर अन्यायही होत नाही. एकाने सगळं भरावं, बाकीच्यांनी उठायच्या आत त्याला पाठवावं. "घरी जाऊन पाठवतो" हे पैसे पंधरा दिवस येत नाहीत.

भरण्याआधी बिल वाचा. बघायच्या चारच जागा: मेन्यूची संख्या डोक्यांइतकीच आहे ना, वरचे पैसे ज्यांनी घेतले त्यांनाच लागले ना, न मागवलेलं काही नाही ना, आणि सेवा आकार आधीच लावलाय का. तो लावला असेल तर कार्डाच्या मशीनवर पुन्हा टिपचा पर्याय येतो, तिथे घाईत बोट दाबू नका. लावला नसेल आणि तिथे टिप देण्याची पद्धत असेल तर ती सवलतीच्या बिलावर न काढता जेवणाच्या नेहमीच्या किमतीवर काढा. वेटरने काम पूर्णच केलेलं असतं, किंबहुना या आठवड्यात जास्तच.

आगाऊ भरलेले पैसे बिलातून वळते झालेत का, हेही तिथेच विचारून घ्या. बुकिंगसाठी कार्डावर रक्कम नुसती अडवून ठेवली असेल तर ती सुटायला काही दिवस लागतात. आठवड्याने खातं उघडून बघा. सुटली नसेल तर आधी हॉटेलला फोन करा, मग बँकेला, आणि बुकिंगचा स्क्रीनशॉट तोवर डिलीट करू नका.